फोनची झोपमोड कोण करतं?

सकाळी सात वाजता चार्जरवरून काढलेला फोन. लोकलमध्ये दहा मिनिटं बातम्या वाचल्या, दुपारी दोन-तीन कॉल झाले, बाकी दिवसभर तो टेबलावर पालथा पडून होता. तरी संध्याकाळी पाचला बॅटरी ३५ टक्क्यांवर. ‘मी तर हातही लावला नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि बहुतेक वेळा ती खरीच असते. आपण हात लावला नव्हता, पण आत कोणीतरी काम करत होतं.

या ‘कोणीतरी’ला आता चारचौघांत नाव ठेवलं जाणार आहे. प्ले स्टोअर चालवणाऱ्या गूगलने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक नियम जाहीर केला. स्क्रीन बंद असताना जी अ‍ॅप अँड्रॉइड फोनला विनाकारण जागं ठेवतात, त्यांच्या प्ले स्टोअरवरच्या पानावर ‘हे अ‍ॅप बॅटरी जास्त खाऊ शकतं’ अशा अर्थाची ताकीद दिसू शकेल आणि शिफारशींमधून त्यांना वगळलं जाऊ शकेल. अंमल १ मार्च २०२६ पासून. मापही ठरलेलं आहे. २४ तासांत एकूण २ तासांहून जास्त वेळ अ‍ॅपने फोनला जागं धरून ठेवलं तर तो अतिरेक समजायचा, आणि २८ दिवसांच्या हिशेबात अशा वापराचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं तर अ‍ॅप दोषी. गाणी वाजवणं किंवा आपण स्वतः सुरू केलेलं डाउनलोड यांना सूट आहे. हे माप बसवण्यात सॅमसंगचाही हात आहे.

नियम चांगला आहे. पण त्यात नेमकं काय मोजलं जातं आणि काय सुटतं, हे पाहण्यासाठी फोन झोपतो कसा, इथून सुरुवात करावी लागते.

स्क्रीन विझली की फोनचा प्रोसेसर जवळजवळ थांबतो. रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, ठरावीक अंतराने क्षणभर कान देतो, ‘आपल्याला कोणी बोलावतंय का?’ एवढंच पाहतो आणि पुन्हा पडून राहतो. या अवस्थेत वीज इतकी थोडी लागते, की नुसता झोपलेला फोन कित्येक दिवस चालावा. पण अ‍ॅपला एक सोय दिलेली असते. महत्त्वाचं काम चालू असेल तर ‘एवढं होईपर्यंत झोपू नकोस’ असं ते फोनला सांगू शकतं. अँड्रॉइडच्या परिभाषेत याला वेकलॉक म्हणतात. काम झाल्यावर तो सोडून द्यायचा असतो. न सोडणारी अ‍ॅप म्हणजे गूगलच्या नियमातले आरोपी. स्वयंपाकघरातला दिवा लावून विसरून जाणारी मंडळी घरात असतात, तसलाच प्रकार.

दिवा निदान दिसतो तरी. रेडिओचा खर्च दिसतही नाही आणि त्याचा स्वभाव विचित्र आहे. एखाद्या अ‍ॅपने सर्व्हरला विचारलं, ‘नवीन मेल आहे का?’ उत्तर आलं, ‘नाही.’ हा सगळा संवाद अर्ध्या सेकंदात आटोपतो. पण तेवढ्यासाठी रेडिओ पूर्ण ताकदीने उठलेला असतो आणि काम संपलं तरी तो लगेच झोपत नाही. पाठोपाठ आणखी काही येईल या आशेने काही सेकंद जागाच राहतो. रिक्षातून प्रवासी उतरला, तरी मीटर चालू ठेवून रिक्षा दारात उभी, असं समजा. प्रवास फर्लांगभराचा आणि थांबण्याचं भाडंच जास्त. २००९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी थ्रीजी फोनवर मोजलं, तेव्हा नेहमीच्या देवाणघेवाणीतली सुमारे ६० टक्के ऊर्जा या शेपटावरच जात असल्याचं आढळलं. फोरजी आल्यावर, २०१२ मध्ये, मिशिगन विद्यापीठ आणि एटीअँडटीच्या संशोधकांनी पुन्हा मोजमाप केलं. शेपूट सुमारे साडेअकरा सेकंदांचं आणि तेवढा वेळ खर्च सुमारे १ वॉट.

आता पाटी-पेन्सिल घेऊ. हल्ली सर्रास मिळणारी ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास, अर्थात ६८ हजार ज्यूल. २०१२च्या मापाने एकदा उठण्याची किंमत साधारण १२ ज्यूल. एक मेल खातं दर १५ मिनिटांनी तपासलं तर दिवसात ९६ वेळा उठणं, खर्च सुमारे ११५० ज्यूल, बॅटरीच्या पावणेदोन टक्क्यांच्या आत. म्हणजे एकट्या ईमेलला दोष देण्यात अर्थ नाही. पण अशी दहा अ‍ॅप आपापल्या घड्याळाने, एकमेकांशी न बोलता उठली, तर तोच आकडा १७ टक्क्यांवर जातो. आणि त्याच दहा अ‍ॅपनी एकाच वेळी उठून कामं उरकली, तर तो पुन्हा पावणेदोनच्या आसपास येतो. काम तेवढंच, संदेश तेवढेच, फरक फक्त एकत्र जाण्याचा. आजच्या चिप २०१२च्या मानाने काटकसरी आहेत, त्यामुळे हा हिशेब चढा धरावा, पण प्रमाण तेच राहतं. बॅटरी संदेशाने संपत नाही, पुन्हा पुन्हा उठवण्याने संपते.

त्यात सिग्नल कमजोर असेल तर भर पडते. टॉवर लांब असला की फोनला मोठ्याने बोलावं लागतं, आणि बोगद्यातून बाहेर पडलेल्या फोनला टॉवर नव्याने शोधावा लागतो. कर्जत-लोणावळा घाट चढताना किंवा कोकण रेल्वेवर फोन न वापरताही बॅटरी भराभर उतरते ती यामुळे. घरच्या वायफायवर हीच विचारपूस बरीच स्वस्तात होते.

बारीकसारीक हाकांचा त्रास फक्त फोनला होतो असंही नाही. २५ जानेवारी २०१२ रोजी जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीचं टोकियोतलं नेटवर्क कोलमडलं. सुमारे २५ लाख ग्राहकांना फटका बसला. कंपनीने चौकशीअंती सांगितलं, की स्मार्टफोनवरच्या गप्पांच्या आणि इंटरनेट कॉलिंगच्या अ‍ॅपमुळे ‘मी आहे, मी आहे’ असं कळवणारे नियंत्रण-संकेत अंदाजापेक्षा कितीतरी वाढले आणि नव्याने बसवलेल्या यंत्रणेला ते झेपले नाहीत. प्रत्येक संकेत चिमूटभर, पण लाखो फोनांचे मिळून डोंगर.

यावरचा तोडगा तोवर निघालेला होता. प्रत्येक अ‍ॅपने स्वतः दार उघडून बाहेर डोकावण्याऐवजी सगळ्यांसाठी एकच दरवान ठेवायचा. सर्व्हरशी एकच धागा, तो फोनच्या मूळ प्रणालीने सांभाळायचा, आणि कोणाचं काही आलं की दरवानाने त्यालाच उठवायचं. अ‍ॅपलने जून २००९ मध्ये आयफोनसाठी ही पुश सेवा सुरू केली, गूगलने २०१० मध्ये अँड्रॉइडसाठी. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश आज बंद स्क्रीनवर येतो तो साधारण याच वाटेने. पुढे २०१५च्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ आलं. फोन चार्जरवर नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो हलतही नसेल, तर अ‍ॅपचं नेटवर्क बंद करायचं, वेकलॉक जुमानायचे नाहीत, आणि अधूनमधून एक खिडकी उघडून सगळ्यांची कामं एकदम उरकून घ्यायची. फोन जितका जास्त वेळ पडून, तितक्या या खिडक्या लांबलांब. पुढच्या वर्षी खिशातल्या हलत्या फोनलाही याची सौम्य आवृत्ती लागू झाली.

म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. मग संध्याकाळी पाचला ३५ टक्के का?

एक कारण ईमेलच्या जुन्या सवयीचं आहे. आयफोनच्या स्वतःच्या मेल अ‍ॅपमध्ये वैयक्तिक जीमेल खातं जोडलं, तर त्याला दरवानाची सेवा मिळत नाही, ठरलेल्या वेळी जाऊन विचारणंच नशिबी येतं. गूगलने फुकट खात्यांना ती सोय नव्याने देणं जानेवारी २०१३ मध्ये थांबवलं. हेच खातं जीमेलच्या अ‍ॅपमध्ये उघडलं तर मेल ढकललं जातं, विचारायला जावं लागत नाही. एकाच पत्त्याचं खातं दोन-दोन अ‍ॅपमध्ये जोडून ठेवणारे लोक पाहिले आहेत. त्यांचा फोन एका मेलसाठी दोनदा उठतो.

दुसरं कारण चक्क चुका. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयफोनवरचं फेसबुक बॅटरी खातं अशी ओरड झाली, तेव्हा कंपनीने शोध घेऊन दोन दोष मान्य केले. नेटवर्कच्या कोडमध्ये प्रोसेसर निष्फळ गरगर फिरत राहत होता, आणि व्हिडिओ पाहून झाल्यावरही आवाजाचं सत्र उघडंच राहत होतं. असल्या चुका आजही नव्या आवृत्तीबरोबर येतात आणि पुढच्या आवृत्तीत गुपचूप जातात. कालपर्यंत ठीक असलेला फोन आज खिशात गरम लागत असेल, तर पहिला संशय काल अपडेट झालेल्या अ‍ॅपवर घ्यावा.

तिसरं कारण आपले ग्रुप. सोसायटी, शाळा, नातेवाईक, दहावीची बॅच. ग्रुप ‘म्यूट’ केला की फोनला आराम मिळतो अशी एक गोड समजूत आहे. म्यूट केल्याने आवाज थांबतो, संदेश थांबत नाहीत. ते येतातच, आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवण्याची सोय चालू असेल तर सुप्रभातची फुलंही उतरतात. खरा खर्च अक्षरांचा नसून फुलांचा आहे. ती सोय मोबाइल डेटावर बंद करणं हा या लेखातला सगळ्यात सोपा उपाय.

आणि एक उपाय असा, की जो आपण सगळेच करतो आणि त्याचा उपयोग नसतो. दिवसातून दहादा उघडी अ‍ॅप वर सरकवून घालवणं. मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलला विचारलं होतं, की तुमचे प्रमुख टिम कुक असं करतात का आणि बॅटरीसाठी त्याची गरज आहे का. क्रेग फेडेरिगी यांनी दोन्हींचं उत्तर नकारार्थी दिलं. अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याच सुमारास सांगितलं, की यामुळे बॅटरी किंचित जास्तच जाऊ शकते. कारण साधं आहे. मागे गेलेलं अ‍ॅप बहुतेक वेळा गोठून पडलेलं असतं. ते घालवलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून मांडामांड करावी लागते. अडकून बसलेलं एखादं अ‍ॅप असं बंद करायला हरकत नाही, पण ते रोजचं झाडू मारणं नव्हे.

इथपर्यंत गोष्ट विजेची होती. तिची दुसरी बाजू आरोग्याच्या पानावर यायला हवी अशी आहे.

मधुमेहाचे अनेक रुग्ण आता दंडावर छोटा सेन्सर लावतात. तो रक्तातल्या साखरेचा अंदाज सतत घेतो आणि ब्लूटूथने फोनवरच्या अ‍ॅपला कळवतो. रात्री झोपेत साखर धोक्याइतकी उतरली तर फोन वाजतो. म्हणजे हे अ‍ॅप दिवसरात्र मागे जागं असणं हाच त्याचा उपयोग. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अशा रुग्णांसाठी इशारा काढला. सूचना चालू केल्या आहेत असं रुग्ण समजत होते, पण प्रत्यक्षात त्या आल्या नाहीत किंवा ऐकू आल्या नाहीत, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. अशा चुकलेल्या इशाऱ्यांमुळे साखर गंभीररीत्या उतरणं, चढणं आणि मृत्यूपर्यंतचे प्रसंग ओढवले असावेत, असं एफडीएने नमूद केलं. कारणांमध्ये फोनची प्रणाली अपडेट होणं होतं, नवा ब्लूटूथ इअरफोन जोडल्याने आवाज भलतीकडे जाणं होतं, आणि बराच वेळ न उघडलेलं अ‍ॅप फोनने ‘गाढ झोपेत’ पाठवणं हेही होतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत. त्यातले सेन्सर लावणारे अजून थोडे. पण गोळ्यांची वेळ सांगणारं अ‍ॅप वापरणारे पुष्कळ, आणि ते अ‍ॅप बहुतेक वेळा मुलाने किंवा नातीने फोनवर टाकून दिलेलं असतं. आजी ते कधी उघडत नाहीत, फक्त वाजलं की गोळी घेतात. फोनच्या नजरेत असं अ‍ॅप म्हणजे निरुद्योगी. बॅटरी वाचवायची तर पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडण्याचा संभव.

असाच प्रकार पावसाळ्याच्या तोंडावर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. शेतावर असलेल्या माणसाला त्याचा उपयोग केव्हा? फोन खिशात आणि स्क्रीन बंद असताना. ‘बॅटरी सेव्हर’ लावून त्याचं मागचं काम आणि ठिकाण पाहण्याची परवानगी काढून घेतली, तर अ‍ॅप असूनही इशारा चुकू शकतो. याउलट २०२३ मध्ये देशभर फोन एकदम कर्कश वाजून जे आपत्ती-इशाऱ्यांचे चाचणी संदेश आले, ते टॉवरवरून थेट प्रसारित होतात, त्यांना अ‍ॅपच लागत नाही. झोपवायला मधे कोणी नसलं की संदेश पोचतो. ओटीपीचा साधा एसएमएस बॅटरी सेव्हरला दाद देत नाही तोही त्यामुळेच.

फोन बनवणाऱ्या अनेक कंपन्या या बाबतीत अँड्रॉइडच्या मूळ नियमांच्याही पुढे जातात. मागे असलेलं अ‍ॅप सरसकट मारून टाकतात. त्यांच्या या सवयींची ब्रँडनिहाय यादीच अ‍ॅप बनवणाऱ्या काही मंडळींनी ‘डोन्ट किल माय अ‍ॅप’ या नावाने ठेवली आहे. कंपन्यांचा स्वार्थ उघड आहे. जाहिरातीत आणि परीक्षणात बॅटरीचे तास छापून येतात, न आलेले संदेश कोणी मोजत नाही. अ‍ॅप कंपन्यांचा स्वार्थ नेमका उलटा. आपण दिवसातून जितक्या वेळा त्यांच्याकडे पाहू तितकं बरं. या रस्सीखेचीत दोर तुटतो तो ज्याला दोन्हींपैकी काहीच कळत नाही त्याच्या हातात.

आता गूगलच्या नियमाकडे परत येऊ. तो प्रोसेसरला जागं धरून ठेवणाऱ्यांना पकडतो, आणि ते गरजेचंच होतं. पण दिवसातून बारा वेळा ‘तुमच्यासाठी ५० टक्के सूट’ असं सांगायला फोन उठवणारं खरेदीचं अ‍ॅप यात सापडणार नाही. ते दरवानाकरवीच येतं, क्षणभर उठवतं, स्क्रीन उजळवतं आणि जातं. तातडीचा शिक्का मारलेले पुश संदेश डोझमध्येही फोनला उठवू शकतात. त्या शिक्क्याचा गैरवापर रोखायला गूगल इतकंच पाहतं, की असा संदेश आल्यावर वापरणाऱ्याला काही दिसलं की नाही. जाहिरात दिसतेच, त्यामुळे ती पास. साखरेचा इशारा आणि साडीचा सेल यांत तांत्रिकदृष्ट्या फरक नाही. तो फरक फक्त फोनच्या मालकाला ठाऊक असतो.

म्हणून हे काम मालकालाच करावं लागतं, आणि त्याला दहा मिनिटं पुरतात. सेटिंगमध्ये बॅटरीचं पान उघडलं की अ‍ॅपनिहाय खर्च दिसतो. त्यात टक्क्यांपेक्षा ‘स्क्रीनवर’ आणि ‘मागे’ असे जे दोन वेळ दिलेले असतात ते पाहावेत. स्क्रीनवर पाच मिनिटं आणि मागे तीन तास असं कोणाचं दिसलं, तर चोर सापडला. त्याची मागे चालण्याची परवानगी काढावी. ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ हे नाव वर दिसलं तर घाबरू नये, दरवान तोच आहे आणि इतरांच्या कामाचा खर्च बऱ्याचदा त्याच्या नावावर चढतो. अँड्रॉइड १३ पासून नवं अ‍ॅप सूचना पाठवण्याआधी परवानगी विचारतं. तिथे ‘नको’ म्हणण्याची सवय लागली तर निम्मं काम होतं. आयफोनचा लो पॉवर मोड मेल आणणं आणि मागची कामं थांबवतो. तो संध्याकाळी अडीनडीला लावावा, कायमचा नव्हे.

बॅटरीच्या आयुष्याचाही यात वाटा आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनच्या बॅटरीत ८०० चार्जिंग-चक्रांनंतर निदान ८० टक्के क्षमता उरलेली असणं बंधनकारक झालं. रोज एक चक्र धरलं तर ही मर्यादा सव्वादोन वर्षांच्या आत येते. मागच्या उठाबशांमुळे रोज सव्वा चक्र जात असेल, तर पावणेदोन वर्षांत.

आणि ज्या घरात मधुमेहाचा, हृदयाचा किंवा गोळ्यांच्या वेळा पाळणारा माणूस आहे, तिथे उलट्या बाजूनेही पाहायला हवं. ते एक अ‍ॅप बॅटरी बचतीतून वगळावं. अँड्रॉइडवर त्यासाठी अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनिर्बंध’ असा पर्याय असतो. ते अ‍ॅप वर सरकवून घालवू नये. फोनची प्रणाली अपडेट झाली किंवा नवा इअरफोन जोडला, की इशारा अजून वाजतो का हे तपासावं, आणि एरवीही महिन्यातून एकदा, असं एफडीएचं सांगणं आहे. आजींचा फोन हातात घेऊन हे तपासायचं, तर गोळीच्या वेळेआधी तासभर तो तसाच पडू द्यावा, स्क्रीन बंद ठेवून. वेळ झाली की वाजला पाहिजे.